तर्रीची बादली

गावच्या यात्रेला आमटी-भाकरीची पंगत बसते, तेव्हा भाकरी वाढायला कोणीही चालतो. आमटी वाढायला जरा मनगट लागतं. तर्रीची बादली मात्र एकाच माणसाच्या हातात असते. तर्री म्हणजे आमटीवर येणारा लाल, तिखट तेलाचा तवंग. आचारी तो कढईतून आधीच काढून घेतात, वेगळ्या बादलीत ठेवतात आणि आमटी वाढून झाली की मागून एक माणूस येऊन प्रत्येकाच्या ताटात वरून पळी सोडतो. त्याचा हात सरपंचाच्या ताटावर सैल आणि सालगड्याच्या ताटावर आवळ झाला, तर गावात मुदतीआधीच निवडणुकीचं वातावरण तयार होतं. आमच्या गावात हे काम सहादेव पठारेकडे आहे. राजकारणातलं कोणीही त्याला कधी आपल्या गाडीत बसवत नाही, यावरून त्याचा हात किती सरळ आहे हे कळावं.

गाव पारनेर तालुक्यातलं. राळेगणसिद्धी फार लांब नाही, त्यामुळे आम्हाला पाणी अडवण्यावरची भाषणं पाण्यापेक्षा आधी मिळाली. पुढे पाणीही आलं, गाई आल्या, आणि गाईंच्या मागे दूध थंड करणारी मोठमोठी भांडी आली. ही भांडी बिघडतात. बिघडली की सहादेवला फोन जातो. तो मोटारसायकलला पान्यांची पिशवी अडकवून येतो, कंप्रेसरला कान लावतो, आणि काहीही न बोलता दुरुस्त करून चहा न घेता निघतो. चहा न घेण्याचं कारण वैराग्य नाही. साखर त्याला वर्ज्य आहे आणि ते सांगायला दोन वाक्यं बोलावी लागतात.

पठाऱ्यांच्या घराची एक रीत आहे, ती इथेच सांगितलेली बरी. घरच्या जेवणाला कोणी चांगलं म्हणत नाही. चांगलं म्हणायचं ते दुसऱ्याच्या घरी, ताटावरून उठताना, उपचार म्हणून. स्वतःच्या घरी नावं ठेवायची. मीठ कमी, भाकरी जाड, ठेच्यात लसूण मेला, असं म्हणत पुन्हा वाढून घ्यायचं. सहादेवच्या वडिलांचं शेवटचं दुखणं लांबलं, तेव्हा ते मुकाट्याने देतील ते गिळत आणि बरं आहे म्हणत. घर धास्तावलं होतं. मग एका संध्याकाळी त्यांनी कालवणात पाणी फार झाल्याची तक्रार केली, आणि सहादेवच्या बायकोने, द्वारकाबाईने, आनंदाने शेजारी साखर वाटली. म्हातारा त्यानंतर दोन दिवाळ्या जगला.

सहादेव आणि द्वारकाबाईला एकच लेक, दिशा. ती सीमेवर पहारा देणाऱ्या दलात भरती झाली. प्रशिक्षण संपल्यावर तिला हिमालयातल्या एका चौकीवर नेमणूक मिळाली, जिथे बटाटा फोडायला हातोडी लागते असं ती सांगे. घरून लाडू गेले, शेंगदाण्याची चटणी गेली, ज्वारीच्या कडक भाकऱ्या गेल्या. सगळं पोचलं. पहिल्या हिवाळ्यात एकदा फोनवर ती म्हणाली, "इथं सगळं मिळतं पप्पा. फक्त आमटी नाही."

"बरं," सहादेव म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच सुमारास एका औषध कारखान्याने त्याला जुन्या यंत्राचा कंप्रेसर सोडवायला बोलावलं होतं. यंत्र भंगारात निघालं होतं. तिथल्या ऑपरेटरने त्याला सांगितलं की यात औषध आधी गोठवतात, मग आतली हवा पंपाने ओढून घेतात आणि हलकी ऊब देतात, म्हणजे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जाते. उरतं ते कोरडं, हलकं, जसंच्या तसं. पाणी घातलं की पुन्हा पहिल्यासारखं.

सहादेवने विचारलं, "अन् आमटी घातली तर?"

ऑपरेटर हसला. सहादेव हसला नाही. त्याने भंगारवाल्याच्या आधी भाव ठरवला.

टेम्पोतून ते यंत्र उतरलं तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. जाडजूड दरवाजाला गोल काच, आत एकावर एक पोलादी फळ्या, बाजूला पंप. गाई विकल्यामुळे गोठा रिकामा होता. तिथे फरशी घालून, भिंतींना पांढरा रंग देऊन सहादेवने ते बसवलं. द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"गाय गेली अन् ह्ये आलं. ह्याला काय घालायचं, पेंड?"

"आमटी," सहादेव म्हणाला.

सुरुवात मात्र त्याने फळांपासून केली, कारण यंत्राचा स्वभाव ओळखायचा होता. राहात्याचा पेरू, आमच्या माळावरचं सीताफळ. वीज मध्येच गेली की पंप थांबे आणि आतल्या पेरूचा चिखल होई. असे पुष्कळ चिखल झाल्यावर त्याने जनरेटर जोडला, छतावर सौर पाट्या टाकल्या, दरवाजाचं रबर बदललं, आणि एके दिवशी फळीवरून सीताफळाच्या गराचे पांढरे, खडूसारखे हलके तुकडे निघाले. शेजारच्या बनुबाईंनी, ज्यांना गावातला प्रत्येक नवा पदार्थ आधी चाखण्याचा अलिखित हक्क आहे, एक तुकडा तोंडात टाकला.

"आत घातलं अन् गेलं की रं," त्या तोंड उघडं ठेवून म्हणाल्या. "खाल्लं का न्हाई त्येच कळंना. दुसरं दे."

अशा रीतीने कारखाना सुरू झाला. अन्न परवाना आला. पुण्यात गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या भार्गवीने कुठून तरी नाव ऐकून माल मागवला आणि मागवतच राहिली. गडांवर आणि डोंगरांवर जाणाऱ्या लोकांना पाठीवर पाणी सोडून काहीही न्यायला चालतं, हे सहादेवला नव्याने कळलं. मग परदेशी शिकायला निघालेल्या पोरांच्या आया आल्या. गोठ्याशेजारी पत्र्याची शेड उभी राहिली. सीताफळाच्या बिया काढायला गावातल्या बाया येऊ लागल्या, त्यांच्या मुकादम अर्थात बनुबाई. मटकीची उसळ, पिठलं, डाळिंबाचे दाणे, असा पसारा वाढत गेला. दुसरं यंत्र आलं, आणि ते नवंकोरं होतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध आमटी होती. ती कोणी मागत नव्हतं.

द्वारकाबाई ती करायची अगदी यात्रेच्या पद्धतीने. डाळी, भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, काळा मसाला, आणि वर बोटभर तर्री. सहादेव ती तर्रीसकट थाळ्यांत ओतून यंत्रात ठेवायचा. बाहेर यायचं ते जरा चिकट, तेलकट, विटेच्या रंगाचं. पाणी यंत्राने ओढून नेलेलं, तेल जिथल्या तिथे. पाकिटात काही आठवडे राहिलं की त्या तेलाला वास धरायचा. वास्तविक दुधाच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण दुधाच्या धंद्यात फॅट म्हणजे दैवत. फॅट लागली तर दुधाला भाव, फॅट घसरली तर दूधवाल्याच्या अब्रूवर बोट. फॅटमुळे काही बिघडतं, हे वाक्य सहादेवच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

दिशाला यंत्रातल्या मालाचं पहिलं पार्सल गेलं, त्यात सीताफळ होतं आणि आमटी होती. पंधरवड्याने तिचा फोन आला.

"पप्पा, सीताफळात बी आली माझ्या दाताखाली! कोण निवडतंय? बनुआज्जीचा चष्मा बदला आधी. आणि तुकडे केवढे बारीक, चिमणीला पाठवलेत का?"

"बरं. अन् आमटी?"

ती म्हणाली, "आमटी छान होती."

"छान?"

"एकदम छान, पप्पा."

चुलीपाशी द्वारकाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

सहादेव मात्र त्या दिवशी बोलका झाला. ज्या दूध केंद्रावर गेला तिथे त्याने आपण होऊन सांगितलं की लेकीला आमटी एकदम छान वाटली. लोकांनी हातातल्या किटल्या खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. काहींना वाटलं, साखर वाढली असावी. त्यानंतर दर पार्सलात आमटी जाऊ लागली, दर पार्सलागणिक जास्त, आणि दर फोनला ती छान असे. शेवटी त्याने पाकिटावर छापून घेतलं: 'सीमेवर पसंत केलेली आमटी'.

भार्गवीचा फोन आला तो या छपाईनंतर.

"सहादेवकाका, सीताफळ पाठवा, पेरू पाठवा, पिठलं तर हवंच आहे. आमटी तेवढी नका पाठवू."

"का बरं, ताई?"

"खवट लागते हो. लोक परत आणून देतायत. तेल फार आहे तिच्यात. तेल काढून करून बघा ना."

"तर्रीबिगर आमटी आमच्याकडं आजाऱ्याला देत्यात."

"मग ट्रेकला जाणाऱ्यांना आजारी समजा. पायांनी असतातच."

"समजलो असतो. पर आमची दिशा खाती की. ती म्हनती, एकदम छान हाय."

सीमेवरच्या साक्षीपुढे पुण्याचं काही चालत नाही. आमटी होत राहिली, परत येत राहिली, आणि पुन्हा पार्सलात बसून हिमालयात जात राहिली.

मग सृष्टी आली. ती दिशाच्या चौकीवरचीच, मूळची कोपरगावची, उसाच्या पट्ट्यातली. सुट्टीवर आली होती आणि पुण्याला मावशीकडे निघाली होती. दिशाने आईबापांसाठी दिलेल्या लोकरीच्या टोप्या पोचवायच्या म्हणून सुप्याच्या फाट्यावर उतरली. सहादेव तिला मोटारसायकलवरून घेऊन आला. लेकीच्या चौकीवरचं माणूस घरी आलेलं पाहून द्वारकाबाईने सकाळपासून चूल विझू दिली नव्हती.

ताट वाढलं. भाकरी कुस्करून सृष्टीने आमटी ओतली, आणि सहादेवने सवयीने वाटी उचलून वरून तर्री सोडली. पहिल्याच घासाला तिच्या कपाळावर घाम आला.

"काकू, खूपच छान झालीय हो!" ती म्हणाली. पाहुणी होती, तिला म्हणणं भाग होतं. मग दुसरा घास घेऊन, खरंच नवल वाटल्यासारखी म्हणाली, "अशी लागते होय ही?"

सहादेव म्हणाला, "म्हंजी? तिकडं चाखली न्हाई का तुमी? दिशाकडं असती की."

"ती देते कुठं काका कुणाला! तिची ट्रंक बघा एकदा. आमटीच आमटी. कपडे बिचारे बाहेर खुंटीवर. फोडलेली पाकिटंसुद्धा चिकटपट्टी लावून ठेवलीयत. उन्हाळ्यात झाकण उघडलं की असा वास येतो..." सृष्टी हसत होती. "मी एकदा म्हटलं, अगं खराब झालीय, टाकून देऊ. तर भांडली माझ्याशी. म्हणाली, पप्पांनी यंत्र आणून केलीय, टाकायची नाही. खायची नाही आणि टाकायचीही नाही!"

मग कोणी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. हातातला घास तसाच राहिला.

"काका, माझं काही चुकलं का?"

"न्हाई, न्हाई," सहादेव म्हणाला. "भाकरी घ्या." आणि त्याने तिच्या ताटात आणखी तर्री सोडली. ती गरजेपेक्षा जास्त झाली. त्याच्या हाताचं हे पहिलंच चुकलेलं माप असावं.

सृष्टीला फाट्यावर सोडून आल्यावर तो थेट गोठ्यात गेला. जुन्या यंत्रात आमटीचा घाणा चालू होता. त्याने पंप बंद केला. घाणा अर्ध्यावर तोडणं म्हणजे त्याच्या धंद्यात महापाप. एरवी वीज गेली तर हा माणूस जनरेटरकडे अनवाणी पळतो. आवाज थांबलेला ऐकून द्वारकाबाई पदराला हात पुसत आली. तो उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला होता.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पैल्यांदा छान म्हनली तवापासनं." द्वारकाबाई दाराच्या चौकटीला टेकली. "सीताफळाला नावं ठिवली, मी म्हनलं खाल्लं. आमटीला छान म्हनली, मी म्हनलं गेली वाया. आपल्या घरात कोन छान म्हनतं?"

"मग मला सांगायचं न्हाई?"

"काय सांगू? पोरगी तुमच्यापायी खोटं बोलती, तुमी तिच्यापायी गोठ्यात मशीन घिऊन बसलाय. मी मदी पडून कुनाचं तोंड पाडू?"

सहादेवने यंत्राकडे पाहिलं. काचेतून आतल्या थाळ्या दिसत होत्या. कडेला गोठलेलं तेल, मध्ये ओलसर आमटी.

"मशीन तेलाला धरत न्हाई," तो म्हणाला. "पानी जातं, तेल ऱ्हातं. मला पैल्या घान्यालाच कळलं हुतं. पर लेकीला तर्री काढून आमटी धाडायची म्हंजी..." त्याने क्रेटची कड नखाने खरवडली. "एवढ्या लांब, एवढ्या थंडीत. अन् आजाऱ्याची आमटी."

द्वारकाबाईने पदर खोचला.

"यात्रेला तुमी तर्री कुटून वाढता, कढईतून?"

"कढईतून कशी? येगळी बादली असती की."

"मग?"

एवढं बोलून ती भाकऱ्या करायला निघून गेली. सहादेव क्रेटवर बसून राहिला. जो माणूस जन्मभर ती बादली घेऊन पंगतींमधून फिरला, त्याला आपल्याच हातातली बादली दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून घरात आजाऱ्याची आमटी शिजू लागली. तेल नाही, खोबरं नाही, नुसत्या डाळी, भाजलेला कांदा आणि मसाला. वासावरून बनुबाई आत डोकावल्या.

"कोन पडलंय गं?"

"कोनी न्हाई, आत्या. मशीनसाठी हाय."

"मशीनला काय झालं?"

ती आमटी यंत्रातून निघाली तेव्हा कोरडी, भुसभुशीत, बोटाने चुरडावी अशी. सहादेवने आयुष्यात प्रथमच तेल नसलेल्या वस्तूकडे आदराने पाहिलं. दुसऱ्या बाजूला द्वारकाबाईने तर्री केली, कढवून, गाळून, तिखट आणि खोबऱ्याची बुकणी तिच्यातच घालून. ती लहान, जाड पुडीत बंद करायची. पहिल्या पुड्या गळाल्या. मग गळेनाशा झाल्या, पण उघडेनाशाही झाल्या. तेवढ्यावर भागवायचं ठरलं. प्रत्येक पाकिटात एक मोठी पुडी, एक छोटी. 'सीमेवर पसंत केलेली' ही ओळ सहादेवने काढून टाकली. तिच्या जागी छापलं: 'तर्री वरून घालावी'.

पार्सल गेलं. पाठवताना द्वारकाबाईने बजावलं, "तिला काय इचारायचं न्हाई. ट्रंकंचं तर नावच घ्यायचं न्हाई."

"मी कशाला घेतोय."

त्याने घेतलं नाही. दिशाचा एकदा फोन आला, तो पार्सल पोचण्याआधी. तिने हवा सांगितली, त्याने दुधाचा भाव सांगितला. दुसऱ्यांदा आला तेव्हा आवाज तुटत होता आणि आईशीच बोलणं झालं. सहादेव अंगणात उगाच मोटारसायकलची साखळी ताणत बसला. ती चांगली ताणलेलीच होती. भार्गवीने नवी पाकिटं आवडल्याचं कळवलं, आणखी मागवली. त्याने बरं म्हटलं. त्या बरं मध्ये काही जीव नव्हता. पुण्याने छान म्हटलं तर ते पुण्याचं रीतीनं म्हणणं, असं त्याला वाटत असावं.

मग एका सकाळी तो यंत्राचं रबर पुसत असताना फोन वाजला. दिशा होती. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"पप्पा, ह्यावेळची आमटी कोणी केलीय?"

"आईनंच. का गं?"

"मीठ कमी आहे."

सहादेवच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आनखी?"

"आणखी म्हणजे, ती तर्रीची पुडी! दातानं फाडावी लागली. अर्धी बोटांवर सांडली, तीही चाटावी लागली. आणि केवढीशी ती? सृष्टीनं हात मारला, मला उरली किती? एका माणसाला पुरत नाही आणि पाकिटावर छापता दोघांसाठी!"

"आनखी?"

"पाणी किती घालायचं ते नीट लिहा. माझी पहिली पिठल्यासारखी झाली. तशीच खाल्ली मग, भाकरी संपली तरी."

"बरं. आनखी काय?"

"पप्पा, हसताय का तुम्ही?"

"न्हाई गं. पंपाचा आवाज हाय."

पंप बंद होता. तिकडून वारा ऐकू येत होता. मग दिशा जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळी जास्त पाठवा. माझ्या ट्रंकेत आता जागा झालीय."

"धाडतो," सहादेव म्हणाला.

दोघांनीही ट्रंकेचा विषय याहून जास्त कधी काढला नाही.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. द्वारकाबाई नव्या घाण्यासाठी डाळी पाखडत होती.

"काय म्हनती?"

"नावं ठिवली."

"कशाला?"

"मिठाला, पुडीला, मापाला. समद्याला."

द्वारकाबाईने सूप खाली ठेवलं. डोळ्यांपाशी पदर नेला, डाळीची धूळ बरीच उडाली होती.

"मीठ बरूबर हुतं," ती म्हणाली. "थंडीनं जिभा मेल्यात त्यांच्या."

"आसंल."

"म्या चाखून घातलं हुतं."

"आसंल की. पर ती कमी म्हनती."

द्वारकाबाई उठली आणि फळीवरून मिठाची बरणी काढली.